सेल्फ घेते, पण चालू होत नाही



वाळवणं, पर्वाचा स्वयंपाक, चातुर्मासातले नियम यावर मी नेहमी लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण घरातलाच आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात एक जुनी गाडी उभी असते. विकवत नाही, वापरली जात नाही, आणि एक दिवस ती चालूच होत नाही.

"गाडी चालू होत नाही" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे आजार असतात. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, किंवा नुसतं टक्-टक् झालं आणि दिवे मंद झाले, तर दुखणं बॅटरीचं, बॅटरीच्या टोकांवर चढलेल्या पांढऱ्या-हिरवट क्षारांचं किंवा सेल्फचं असतं. दुसऱ्या प्रकारात किल्ली फिरवली की इंजिन घर्र-घर्र करत चांगलं फिरतं, पण पेट घेत नाही. गॅरेजवाले म्हणतात, "सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही." मी लिहिणार आहे ती या दुसऱ्या प्रकाराबद्दल. कारण या प्रकारात लोक गाडी गेलीच असं धरून चालतात, आणि खरं तर गाडीचं बहुतेक सगळं शाबूत असतं.

आमची गाडी म्हणजे १९९१ ची मारुती ८००. पांढरी, कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. ही गाडी यांनी अडत दुकानाच्या कमाईतून घेतली आणि तीस वर्षं स्वतःच्या हातांनी सांभाळली. प्लग कधी बदलले, ऑइल किती किलोमीटरला टाकलं, सगळं एका लांबट वहीत यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. मी बी. कॉम. झालेली, त्यामुळे दुकानाच्या कीर्द-खतावणीला मी आणि गाडीच्या वहीला हे, अशी आमची वाटणी. गाडीखाली हे शिरले की पाने हातात द्यायचं काम माझं. दहाचा, बाराचा, चौदाचा पाना मी न बघता ओळखते.

जून २०२१ मध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय कमजोर झाला, आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे समज गेली नव्हती. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, पण मनातला शब्द ओठांवर यायचा नाही. कधी भलताच शब्द यायचा आणि तो चुकीचा आहे हेही यांना कळायचं. मग डोळ्यांत पाणी यायचं.

गाडी तेव्हापासून उभी. एरवीही चातुर्मासात आम्ही प्रवास कमीच करतो, पण त्या वर्षी तर किल्लीला कुणी हातही लावला नाही. त्यात जुलैमध्ये सांगलीला कृष्णेचा पूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण हवेत अशी ओल की कपाटातल्या साड्यांनाही वास येऊ लागला. दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि मला आठवलं की डिसेंबरात गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करावं लागतं. २००६, २०११, २०१६ झालं, आता २०२१. दाखवायची तर ती चालत तिथपर्यंत गेली पाहिजे.

मुलाने नवी बॅटरी बसवली, पेट्रोल असल्याची खात्री केली आणि किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण चालू झालं नाही. मग एका गॅरेजमधून एक तरुण मुलगा आला. त्याने दोन-तीनदा सेल्फ मारून पाहिला, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "काकू, पुराच्या ओलीनं इंजिन जाम झालंय. खोलायला लागेल. तीसेक हजार धरा. त्यापेक्षा भंगारात द्या."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याची पिढी नव्या गाड्यांवर शिकलेली. स्कॅनर लावायचा आणि कुठला कोड येतो ते पाहायचं. आमच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. पण एक गोष्ट तेव्हाच खटकली. इंजिन जाम झालं असतं तर ते फिरलं कसं असतं? जाम झालेलं इंजिन सेल्फला हलत नाही. फिरतंय याचाच अर्थ जाम नाही.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. मुलगा म्हणाला, देऊन टाकू. माझे दीर म्हणाले, "वहिनी, आता चालवणार तरी कोण?" सगळे बोलत होते आणि हे तिथेच खुर्चीत बसले होते. यांची गाडी, यांची वही, आणि यांना कुणी विचारत नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण उत्तर येत नाही म्हटल्यावर माणसं विचारणंच सोडून देतात. घरी भेटायला येणारेसुद्धा यांच्याकडे बघत मला विचारायचे, "जेवतात का? झोप लागते का?" मी यांचे डोळे पाहिले. यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते गाडीबद्दल होतं.

त्या काळात बोलणं शिकवणाऱ्या एक ताई व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून दोनदा शिकवायच्या. त्यांनी मला सांगितलं होतं, "त्यांना 'काय हवं' असं विचारू नका. हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारा. एका वेळी एकच. मग थांबा. घाई करू नका." यांच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' हेही कधी कधी उलटसुलट निघायचं, म्हणून आम्ही डाव्या हाताचा अंगठा ठरवला होता. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की बिघडलेली गाडीही अशीच तपासायची असते. हो-नाही, एका वेळी एकच प्रश्न. आणि हिशेबाचं तरी काय वेगळं असतं? तेरीज जुळत नाही म्हणून कुणी सगळी खतावणी फाडून नव्याने लिहीत नाही. आधी फरक बघतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिलेत, ५४ च्या जागी ४५. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती बहुधा जमेऐवजी नावे पडलेली असते. शोधायची जागा अशी निम्मी-निम्मी कमी करत जायची. तीस हजार खर्च करून इंजिन खोलणं म्हणजे पाच रुपयांच्या फरकासाठी वर्षाच्या वह्या फाडण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता यांची खुर्ची गाडीशेजारी मांडली. सुनेला किल्लीपाशी बसवलं. मी साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणी घरात ठेवली, कारण पंख्याच्या पट्ट्यात पदर अडकायला क्षणही लागत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जवळपास दिवा, उदबत्ती, काही नाही, कारण पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण पेटते. आणि किल्लीला हात लावण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने कोपरे पाहिले. उभ्या गाडीत उंदीर घरटं करतात, पाली बसतात. फिरणाऱ्या पंख्यात एखादा जीव जायला नको, आणि उंदरांनी वायर कुरतडली असेल तर तीही दिसते. एका कोपऱ्यात कापसाचे पुंजके होते, पण रिकामे. वायरी शाबूत होत्या.

पहिला प्रश्न कानाचा. सुनेला म्हटलं, "मार सेल्फ. दहा सेकंदांच्या वर नको." इंजिन फिरलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे मिटून ऐकलं होतं. "आवाज नेहमीसारखा आहे का?" अंगठा वर.

हा प्रश्न फार महत्त्वाचा. इंजिन सेल्फवर फिरताना दाब पडतो तसा ठेका ऐकू येतो: घर्र, घर्र, घर्र. तो ठेका नसेल आणि इंजिन मिक्सरसारखं सरळ, हलकं, भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणं थांबवावं. ठेका असेल तर दाब आहे असं तूर्त धरायला हरकत नाही. इंजिनला पेट घ्यायला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं मिश्रण, ते दाबणारा दाब, आणि नेमक्या वेळी ठिणगी. त्यातली एक बाजूला झाली. उरल्या दोन.

दुसरा प्रश्न: पेट्रोल की ठिणगी? याचं उत्तर प्लग देतो. मी तिन्ही प्लगच्या वायरी ओढून काढल्या. वायर धरून ओढायची नाही, टोपीला धरून ओढायची. आणि कुठली कुठे होती त्या खुणेसाठी चिकटपट्ट्या लावल्या. मग प्लगच्या पान्याने प्लग काढले. तिन्ही ओले, नाकाशी धरले तर पेट्रोलचा वास. "पेट्रोल येतंय?" अंगठा वर. प्लग कोरडे ठणठणीत निघाले असते तर आम्ही पेट्रोलच्या रस्त्याने गेलो असतो: टाकी, नळी, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. पण ओला प्लग सांगतो की पेट्रोल इथवर आलंय आणि जळलं नाही.

इथे एक लक्षात घ्या. पाच महिने पडलेलं पेट्रोलही कधी कधी नीट पेटत नाही. त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं. म्हणून ठिणगी तपासल्याशिवाय पेट्रोलला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. पण ठिणगी तपासणं सोपं, म्हणून ते आधी.

तिसरा प्रश्न: ठिणगी पडते का? एक प्लग कोरडा करून वायरीत बसवला, रबरी मुठीच्या पकडीत धरला आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवला, प्लगच्या भोकांपासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. सुनेला म्हटलं, "मार." काहीच नाही. दुसऱ्या वायरीला, नाही. तिसरीला, नाही. (हे करताना हात कोरडे हवेत. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी कॉइल त्याचे दहा हजारांहून जास्त व्होल्ट करते. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी जवळ उभंही राहू नये.)

तिन्हीला नाही म्हणजे प्लग खराब नाहीत. तीन प्लग एकाच दिवशी जात नाहीत. दोष तिघांच्या आधी, सामाईक जागी असणार. म्हणून चौथा प्रश्न: कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे येणारी जाड वायर काढून तिच्या टोकाशी प्लग लावला, पुन्हा तसाच टेकवला. तिथेही अंधार. म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि त्यातला रोटर यांचा आज प्रश्न नाही. ठिणगी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

यांच्या पत्र्याच्या डब्यात एक टेस्ट लॅम्प होता. छोटा बारा व्होल्टचा दिवा, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई. चिमटा इंजिनच्या धातूला लावला, किल्ली चालू करायला सांगितली आणि सुई कॉइलच्या प्लस टोकाला टेकवली. दिवा लागला. म्हणजे बॅटरीपासून कॉइलपर्यंत वीज येते. मग सुई मायनस टोकाला लावली आणि सेल्फ मारायला सांगितला. दिवा लागला आणि एकसारखा जळत राहिला.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा बदलला होता. हे पुढे वाकून त्या दिव्याकडे बघत होते.

थोडं समजावून सांगते. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या आत 'पॉइंट' असतात. धातूचे दोन छोटे ठिपके, एकमेकांना टेकतात आणि सुटतात. टेकले की कॉइलमधून वीज वाहते. सुटले की ती एकदम तुटते, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलमध्ये मोठा दाब तयार होऊन ठिणगी उडते. म्हणून सेल्फ मारताना मायनस टोकाचा दिवा लुकलुकायला हवा. पॉइंट टेकले की विझणार, सुटले की लागणार. आमचा दिवा विझतच नव्हता. म्हणजे पॉइंट एकमेकांना टेकत तरी नव्हते, किंवा टेकूनही वीज जाऊ देत नव्हते.

डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा सोडवून झाकण काढलं. "मार." रोटर गोल फिरला. आमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो, त्यामुळे बेल्ट शाबूत आहे याचा हा दुसरा पुरावा. रोटर ओढून काढला आणि टॉर्च मारला. पॉइंट उघडत होते, मिटत होते. डोळ्यांना सगळं ठीक. मग वीज का जात नाही?

"अहो, पॉइंट टेकतायत. मग?"

यांचे ओठ हलले. काहीतरी अडलं. पुन्हा हलले. मी ताईंनी सांगितल्याप्रमाणे थांबले. सून किल्लीवर हात ठेवून थांबली. आणि मग शब्द आला.

"घास."

सून पटकन म्हणाली, "आई, बाबांना भूक लागली वाटतं. साडेपाच झालेत. ताट वाढू का?" तिचं बरोबरच होतं. कार्तिकात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्याआधी आमच्याकडे जेवणं होतात, आणि रोज याच वेळी मी यांना भरवत असे.

यांनी जोरात मान हलवली. अंगठा खाली. मग डाव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासून दाखवलं, एकदा, दोनदा, आणि पुन्हा म्हणाले, "घास. घास."

पॉइंट घास!

झटका आल्यापासून पाच महिन्यांत, कुणी न विचारलेला, अगदी नेमका, जागच्या जागी बसणारा हा यांचा पहिला शब्द. सून हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. मी रडले नाही, कारण उजेड जात होता आणि जेवणंही व्हायची होती.

डब्यातून अगदी बारीक पॉलिश पेपर काढला. किल्ली बंद करून पेपरची पट्टी पॉइंटच्या मध्ये घालून हलक्या हाताने चार-सहा वेळा ओढली. पट्टीवर काळपट राखाडी रेघ आली. पाच महिन्यांच्या ओलीने त्या ठिपक्यांवर गंजासारखा पातळ थर चढला होता. वापरातल्या गाडीत पॉइंट रोज हजारो वेळा उघडतात-मिटतात, म्हणून असा थर बसायला वाव मिळत नाही. मग स्वच्छ कोरड्या फडक्याची पट्टी ओढून पेपरची धूळ काढली. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना मधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर लागतं. यांच्या वहीत कुठली पट्टी वापरायची ते लिहिलं होतं. फिलर गेजची ती पट्टी घालून पाहिली, अंतर बरोबर होतं. यांनी शेवटचं लावलेलं होतं, बिघडेल कसं?

रोटर, झाकण जागेवर. पुन्हा प्लग धातूला टेकवला. "मार." टक्, टक्, टक्. निळी, जाड ठिणगी. ठिणगी पिवळट आणि बारीक दिसली असती तर पुढची शंका कंडेन्सरवर गेली असती. कंडेन्सर हा पॉइंटचा जोडीदार. तो गेला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. तेव्हा नुसते घासून उपयोग नाही, दोन्ही बदलायचे.

प्लग पुसून, वाळवून बसवले. वारंवार सेल्फ मारल्याने इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालं होतं. अशा वेळी चोक ओढायचा नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरायचा, वरखाली करायचा नाही, म्हणजे भरपूर हवा जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. सुनेने तसं केलं. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा धक्के खाल्ले, तिसऱ्यांदा धुराचा लोट सोडून चालू झाली.

खर्च? पॉलिश पेपरचा एक तुकडा. आणि पुढच्या आठवड्यात नवे पॉइंट आणि कंडेन्सर आणून बसवले, कारण घासलेले पॉइंट फार काळ भरवशाचे नसतात. जुनं पेट्रोलही काढून टाकलं.

तुमच्याकडची गाडी नव्या पद्धतीची, इंजेक्शनची असेल, तर तिच्यात पॉइंट नसतात, पण प्रश्नांचा क्रम हाच. किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाचा बारीक गूं आवाज येतो का? बहुतेक गाड्यांत येतो. येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी पाहा. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का? मग गाडी किल्लीच ओळखत नसेल, दुसरी किल्ली वापरून बघा. हे सगळं बरोबर असेल तर क्रँक सेन्सरसारख्या गोष्टी येतात, तिथे स्कॅनर लागतो आणि चांगला मेस्त्रीही. स्कूटरची पद्धतही हीच: प्लग काढा, ओला की कोरडा बघा, ठिणगी बघा. मेस्त्रीला फोन करताना "बंद पडली" एवढंच सांगू नका. "सेल्फ घेते, प्लग ओला आहे, ठिणगी नाही" असं सांगा. समोरचा माणूस वेगळ्याच सुरात बोलू लागतो, आणि तीस हजारांचा आकडा त्याच्या तोंडातून सहज बाहेर पडत नाही.

गाडी डिसेंबरात आरटीओत गेली. मुलाने चालवली, हे शेजारी बसले. नूतनीकरणाची फी तेव्हा ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने ती ५००० केली. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. पावत्या मी वहीत चिकटवल्या आणि खाली तारीख घालून लिहिलं: "पॉइंट घासले." यांनी वही मागून घेतली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात त्याखाली सही केली.

त्यानंतर घरात एक नियम झाला, कुणी बोलून न दाखवता. कुठलीही गोष्ट ठरवायची तर आधी यांना विचारायचं, हो-नाही असं, आणि मग गप्प बसून थांबायचं. दिरांनाही सवय लागली. आज यांचं बोलणं बरंच सुधारलंय, छोटी वाक्यं येतात, नावं मात्र अजून अडतात. भेटायला येणाऱ्यांना मी सांगते, "मला नका विचारू, यांना विचारा. थोडा वेळ लागेल, पण उत्तर मिळेल."

तुमच्या घरात पक्षाघातानंतर बोलणं अडलेलं कुणी असेल, तर त्यांना त्यांच्या कामाचं विचारा. औषध आणि जेवणाचं तर सगळेच विचारतात. दुकान, शेत, शिलाई मशीन, देवळाचा हिशेब, जे त्यांचं असेल त्याचं विचारा. आणि दारात जुनी गाडी असेल तर पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कोपरे बघा, आणि दहा मिनिटं ती चालू ठेवा.

जय जिनेंद्र.